नवी आवृत्ती, जुनी सोयरीक

नोव्हेंबर २०२१ मध्ये यूट्यूबवर एक चित्रफीत झळकली आणि संगणकाच्या जगात बरेच दिवस तिची चर्चा चालली. कॅनडातला लिनस सेबॅस्टियन हा संगणकाविषयी कार्यक्रम करणारा, लाखो प्रेक्षक असलेला गृहस्थ. (लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स तो वेगळा.) विंडोज सोडून काही दिवस लिनक्सवर काढून दाखवायचे, असा पण त्याने केला होता. 'पॉप ओएस' या नावाचे लिनक्स त्याने यंत्रावर चढवले आणि खेळांसाठी लागणारे 'स्टीम' हे सॉफ्टवेअर घालायला घेतले. नेहमीच्या खिडकीतून ते बसेना, तेव्हा त्याने काळ्या पडद्यावर हुकूम टाइप केला. संगणकाने पॅकेजांची लांबलचक यादी दाखवली. ही काढली जातील, यांतली काही अत्यावश्यक आहेत, आपण काय करीत आहोत हे पक्के ठाऊक असल्याखेरीज पुढे जाऊ नये, अशी तंबीही दिली. तरीही जायचेच असेल, तर 'होय, मी सांगतो तसे कर!' हे वाक्य जसेच्या तसे लिहून द्या, असे तो म्हणाला.

सेबॅस्टियनने ते लिहून दिले. संगणकाने आज्ञाधारकपणे सांगितले तसे केले. खिडक्या, चित्रे, मेनू, सगळा डेस्कटॉप उचलून त्याने घराबाहेर ठेवला. मागे उरला काळा पडदा.

हसणाऱ्यांनी हसून घेतले, चिडणारे चिडले. वाचले का नाही, असे एक पक्ष म्हणाला. एक खेळ घालायला गेलेल्या माणसाचे घर मोडायला निघणारी ही कसली व्यवस्था, असे दुसरा पक्ष म्हणाला. खरे सांगायचे तर दोघांचेही बरोबर होते. या भांडणाच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो आता आपल्या घरातही येऊ घातला आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ थांबवला. विंडोज ११ ज्यांना झेपत नाही, असे धडधाकट संगणक घरोघरी पडून आहेत, आणि कोणी भाचा किंवा कोणी शेजारचा मुलगा त्यांवर लिनक्स घालून देतो आहे. पहिले वर्ष-दोन वर्षे सुखाची जातात. मग एके दिवशी 'नवी आवृत्ती आली आहे' अशी पाटी झळकते आणि खरी परीक्षा तिथे सुरू होते.

एक टाकी, अनेक नळ

आधी हे पॅकेज प्रकरण समजून घेऊ. लिनक्सवरचे प्रत्येक सॉफ्टवेअर एका गाठोड्यातून येते. त्या गाठोड्याला म्हणायचे पॅकेज. त्यात सगळे काही भरलेले नसते. पडद्यावर अक्षर काढणे, चित्र उघडणे, फाइल दाबून लहान करणे ही कामे शेकडो सॉफ्टवेअरांना लागतात. प्रत्येकाने ती आपापल्या घरी करण्याऐवजी ती करणारा एकच सामायिक भाग ठेवायचा आणि सर्वांनी तोच वापरायचा, अशी रीत आहे. या सामायिक भागाला लायब्ररी म्हणतात.

सोसायटीच्या गच्चीवर एकच पाण्याची टाकी असते आणि सगळ्या बिऱ्हाडांचे नळ तिला जोडलेले असतात, तसाच हा मामला. फायदा उघड आहे. जागा वाचते आणि टाकी एकदा स्वच्छ केली की सगळ्यांचे पाणी स्वच्छ होते. एप्रिल २०१४ मध्ये 'ओपनएसएसएल' या लायब्ररीत 'हार्टब्लीड' नावाचे भयंकर छिद्र सापडले, तेव्हा ती एक लायब्ररी बदलताच तिच्यावर चालणाऱ्या असंख्य सेवा एका दमात सुधारल्या, त्या या रीतीमुळेच.

तोटाही तितकाच उघड आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशींना जास्त दाबाचे पाणी हवे आणि पहिल्या मजल्यावरच्या शेखांचे जुने नळ तो दाब सोसू शकत नाहीत, अशी वेळ आली की टाकी एक आणि मागण्या दोन. संगणकाच्या भाषेत यालाच अवलंबित्वाचा तिढा म्हणतात. विंडोज ९५ आणि ९८ चा काळ ज्यांनी पाहिला, त्यांना एक सॉफ्टवेअर घातले की दुसरे बंद पडे, हे आठवत असेल. त्याच्या मुळाशी बहुधा हीच भानगड असे. फरक इतकाच की तिथे नवा पाहुणा न विचारता टाकी बदलून मोकळा होई.

गाठोड्यावरची चिठ्ठी

लिनक्सच्या जगाने यावर तोड काढली ती कागदोपत्री. ऑगस्ट १९९३ मध्ये इयन मरडॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने 'डेबियन' हा प्रकल्प सुरू केला. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन या दोन नावांची संधी करून त्याने हे नाव बनवले. डेबियनच्या प्रत्येक गाठोड्यावर एक चिठ्ठी असते. मला जगायला कोण लागते, कोणाची निदान कुठली आवृत्ती लागते, कोणाबरोबर माझे एका छपराखाली जमणार नाही, कोणाची जागा मी घेऊ शकतो, हे सगळे तिच्यावर लिहिलेले असते. पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींप्रमाणे 'ॲप्ट' नावाचा कारभारी या चिठ्ठ्या वाचतो आणि सगळ्यांचे जमेल असा संच शोधतो.

अशी गाठोडी तरी किती? ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या 'डेबियन १३' मध्ये ती ६९,८३० आहेत. ती बांधणारी माणसे जगभर विखुरलेली, बहुतेक हौसेने, पदरचा वेळ घालून काम करणारी. त्यांतल्या अनेकांची एकमेकांशी गाठही पडलेली नसते. बोलायचे ते या चिठ्ठ्यांतूनच.

सगळ्यात मोठे बिऱ्हाड

या सोसायटीत सर्वात मोठे खटले म्हणजे डेस्कटॉप. ऑक्टोबर १९९६ मध्ये ट्यूबिंगेन विद्यापीठातल्या मथियास एट्रिश या जर्मन विद्यार्थ्याने 'केडीई'ची हाक दिली. सामान्य माणसाला वापरता येईल असा, सगळ्या खिडक्या एका वळणाच्या असलेला डेस्कटॉप त्याला हवा होता. पाया म्हणून त्याने नॉर्वेतल्या ट्रोलटेक कंपनीची 'क्यूट' ही लायब्ररी निवडली. तिचा परवाना तेव्हा पुरेसा मुक्त नव्हता, म्हणून ऑगस्ट १९९७ मध्ये मेक्सिकोचे मिगेल द इकासा आणि फेदेरिको मेना यांनी 'ग्नोम' हा दुसरा संसार मांडला. आज लिनक्सवर हीच दोन घराणी सर्वात मोठी आहेत.

डेस्कटॉप दिसतो एक, पण असतो शेकडो गाठोड्यांचा. खिडक्या सांभाळणारा एक, तळाची पट्टी दाखवणारा दुसरा, आवाज, पडद्याची चमक, वायफाय, कुलूप, प्रत्येकाचा मानकरी वेगळा. लग्नघरात एकाचा मुहूर्त हलला की केटरर, मंडप, बँड सगळ्यांचे वेळापत्रक हलवावे लागते, तसे इथे होते. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी केडीईचा 'प्लाझ्मा ६' आला. त्याला नवी 'क्यूट ६' हवी होती आणि तिच्यावर उभ्या असलेल्या केडीईच्या लायब्रऱ्यांची सहावी पिढीही हवी होती. क्यूट ५ आणि क्यूट ६ या जावा-जावा एका घरात सुखाने नांदतात, कारण दोघींची नावे आणि जागा वेगळ्या ठेवल्या आहेत. पण प्लाझ्मा ५ आणि प्लाझ्मा ६ यांचे तसे नाही. दोघांच्या फायलींची नावे तीच आणि जागाही त्याच. त्यामुळे एकाने घर सोडल्याशिवाय दुसऱ्याला आत पाऊल टाकता येत नाही. डेबियन १२ वरून १३ वर जाताना प्लाझ्मा ५.२७ जाऊन ६.३ येतो, तो असा सगळा लवाजमा एकाच वेळी बदलून.

आता नेहमीचा तिढा पाहू. घरातल्या कोणा हौशी माणसाने बाहेरच्या भांडारातून एखादे पॅकेज आणून बसवलेले असते. ते क्यूटच्या आतल्या, खासगी भागांना हात घालते. असे भाग आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून त्याच्या चिठ्ठीवर नेमकी मागणी असते की मला क्यूट ५.१५.८ च हवी. डेबियन १२ मध्ये तीच होती, सगळे सुखात होते. डेबियन १३ मध्ये ती ५.१५.१५ झाली. आता कारभाऱ्यापुढे तीन वाटा उरतात. या पाहुण्याची नवी आवृत्ती कुठे मिळते का पाहायचे, पाहुण्यालाच काढायचे, किंवा त्याच्यासाठी जुनी क्यूट राखून तिच्याशी जोडलेले सगळे गोत जुन्यावरच अडवून धरायचे. एका पाहुण्याच्या हट्टापायी अख्ख्या घराचे स्थलांतर अडते, ते असे.

डेबियनची मंडळी अशा भेसळीच्या संगणकाला 'फ्रँकनडेबियन' म्हणतात. इकडचे हात, तिकडचे पाय जोडून केलेला राक्षस! नाव विनोदी असले तरी इशारा गंभीर आहे.

रविवारच्या सुडोकूचा थोरला भाऊ

कोणी विचारील, संगणकाला एवढे साधे कोडे सोडवता येऊ नये? कोडे साधे नाही. प्रत्येक पॅकेजाबद्दल ठेवायचे की काढायचे, एवढाच निर्णय असला तरी दहा पॅकेजांच्या १,०२४ शक्यता होतात. तीस पॅकेजांच्या शंभर कोटींहून अधिक. तीनशे पॅकेजांच्या शक्यता दृश्य विश्वातल्या अणूंच्या अंदाजित संख्येलाही मागे टाकतात. युरोपातल्या 'ईडॉस' प्रकल्पाच्या संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात सिद्ध करून दाखवले की हे कोडे गणितातल्या एका कुप्रसिद्ध कुळातले आहे. स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये ज्या कुळाची ओळख करून दिली, तेच हे. या कुळातल्या कोड्यांचे उत्तर हाती आले तर ते बरोबर आहे का, हे चटकन तपासता येते. पण उत्तर हमखास झटपट शोधून देणारी युक्ती आजवर कोणाला सापडलेली नाही. ज्याने शाळेचे वेळापत्रक बसवले आहे, त्याला हे निराळे समजावून सांगायला नको.

व्यवहारात मात्र वाट निघते. सुडोकू सोडवताना 'इथे सात घातला तर तिथे अडते' हे एकदा कळले की आपण ती चूक पुन्हा करीत नाही. आधुनिक कारभारी तेच करतात. एखाद्या वाटेवर अडले की का अडले ते टिपून ठेवतात आणि त्या बाजूच्या लाखो वाटा एका फटक्यात गाळतात. ओपनसूसे या लिनक्सने २००८ मध्ये ही पद्धत आणली. डेबियनच्या ॲप्टनेही २०२५ च्या तिसऱ्या आवृत्तीत अशा जातीचा नवा सोडवणारा दिला आहे. पण यंत्राच्या दृष्टीने 'उत्तर' म्हणजे फक्त कोणाचे कोणाशी भांडण नसलेला संच. घरातला डेस्कटॉपच काढून टाकला की भांडण मिटते, हेही त्याच्या लेखी उत्तरच! सेबॅस्टियनला मिळाले ते हे उत्तर. स्टीमला लागणाऱ्या आणि यंत्रावर असलेल्या पॅकेजांच्या आवृत्त्या जुळेनात, आणि जुळवण्याचा जो मार्ग यंत्राला दिसला तो डेस्कटॉपवरून जात होता. गणित चुकले नव्हते. घरात काय मोलाचे आहे, हे गणिताला ठाऊक नव्हते.

आधी रंगीत तालीम

मग आपण काय करावे? जाणकारांची रीत सांगतो. ती पाळायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही, थोडी सबुरी लागते.

पहिले काम म्हणजे फोटो, कागदपत्रे, हिशेब यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. दुसरे, आहे ती आवृत्ती आधी पूर्ण अद्ययावत करावी. अर्धवट कामे घेऊन नव्या घरात जाऊ नये. तिसरे, बाहेरची भांडारे तात्पुरती बंद करावीत आणि तिथून आणलेली पॅकेजे शक्यतो काढून ठेवावीत. डेबियनच्या सूचनापत्रातही हेच सांगितलेले असते. पूर्वी कोणी एखादे पॅकेज 'हलवू नका' म्हणून जखडून ठेवले आहे का, तेही पाहावे. वर्षांपूर्वी मारलेली अशी एक गाठ आज सगळे अडवून धरू शकते.

मग घ्यावी रंगीत तालीम. ॲप्टला नुसते नाटक करून दाखव असे सांगता येते. काय येणार, काय बदलणार, काय जाणार याची यादी तो देतो आणि प्रत्यक्षात काडीही हलवत नाही. या यादीतला 'काढली जातील' हा परिच्छेद ओळ न् ओळ वाचावा. तिथली सगळीच नावे भिण्यासारखी नसतात. डेबियन १३ मध्ये अनेक लायब्रऱ्यांचे बारसे नव्याने झाले. २०३८ साली जुन्या पद्धतीचे ३२-बिटी घड्याळ भरून वाहणार आहे. त्याच्या तयारीसाठी अनेक लायब्रऱ्यांच्या नावापुढे 'टी६४' असे शेपूट लावले गेले. त्यामुळे जुने नाव जाणाऱ्यांच्या यादीत आणि तेच नाव शेपटासह येणाऱ्यांच्या यादीत दिसते. ते नामांतर आहे, हकालपट्टी नाही. पण जाणाऱ्यांत 'प्लाझ्मा', 'ग्नोम' किंवा लॉगिनचा पडदा दाखवणाऱ्याचे नाव दिसले आणि येणाऱ्यांत त्याचा जोडीदार कुठेच नसला, तर तिथेच थांबावे. 'नाही' म्हणण्याला काही लागत नाही.

थांबल्यावर कारण शोधावे. अमुक पॅकेज कुठल्या भांडारातून आले, कोणाला ते हवे आहे आणि कोण अडवते आहे, हे विचारण्याचे हुकूम आहेत. बहुतेक वेळा शंभर तक्रारींच्या मुळाशी एकच हट्टी पाहुणा सापडतो. त्याला आधी निरोप दिला की उरलेले नव्याण्णव आपोआप मार्गी लागतात. प्रत्यक्ष स्थलांतरही दोन टप्प्यांत करावे. पहिल्यात कोणालाही न काढता जेवढे पुढे नेता येईल तेवढे न्यावे आणि दुसऱ्यात उरलेले. 'जबरदस्तीने बसव' असे सांगणारे हुकूम उपलब्ध आहेत, पण चिठ्ठी फाडली म्हणून भांडण मिटत नाही. ते पुढे ढकलले जाते, आणि व्याजासह परत येते.

एवढे करूनही मध्येच वीज गेली आणि पडदा काळा झाला, तर? तर घाबरू नये. कंट्रोल, आल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबल्या की साधा अक्षरी पडदा मिळतो. तिथे नाव आणि परवलीचा शब्द देऊन आत जाता येते. अर्धवट राहिलेली गाठोडी उलगडून पुरी करणे, तुटलेली नाती दुरुस्त करणे आणि डेस्कटॉपचे मुख्य पॅकेज पुन्हा मागवणे, या तीन हुकमांत बहुतेक घरे पुन्हा उभी राहतात. तुमचे फोटो आणि पत्रे यात कुठेच नसतात. ती वेगळ्या खोलीत सुखरूप असतात. आणखी एक, दहावीचा प्रकल्प सोमवारी द्यायचा असताना हा उद्योग रविवारी रात्री आरंभू नये.

टाकीत कोणी विष कालवले तर?

हे सगळे घरच्या सोयी-गैरसोयींचे झाले. पण सामायिक टाकीला याहून मोठी जोखीम असते. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक गोष्ट उघडकीस आणली. दूरच्या यंत्रात शिरताना त्याला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता. एवढ्याशा उशिराचा पाठलाग करीत तो 'एक्सझेड' या फाइल दाबण्याच्या साध्या लायब्ररीपर्यंत पोचला. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. या लायब्ररीचा सांभाळ बरीच वर्षे मुख्यतः एकाच थकलेल्या स्वयंसेवकाच्या शिरावर होता. टोपणनावाने आलेल्या कोणी दोन-अडीच वर्षे गोड बोलून, कामात मदत करून त्याचा विश्वास कमावला आणि मग घात केला. कुलूप सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला या लायब्ररीची थेट गरजही नव्हती. काही लिनक्सांमध्ये मधल्या एका सोयरिकीतून ती तिथे पोचली होती. सुदैवाने डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ते विष गेले नाही. चाचणीच्या टप्प्यावरच ते सापडले.

म्हणून काही जण म्हणतात, टाकीच नको, प्रत्येकाने आपापले पिंप भरावे. 'फ्लॅटपॅक' आणि 'स्नॅप' या पद्धतींत सॉफ्टवेअर आपला बराचसा शिधा बरोबर बांधून आणते, त्यामुळे घरच्या संसाराशी त्याचे भांडण होत नाही. 'निक्सओएस' तर प्रत्येक आवृत्ती वेगळ्या कप्प्यात ठेवते, आणि नवे पटले नाही तर कालच्या घरात परत जाता येते. या सोयी खऱ्या आहेत. हौशी पाहुण्यांना फ्लॅटपॅकमधून आणावे आणि घराचा पाया डेबियनच्या हाती सोडावा, हा मध्यममार्ग घरगुती संगणकाला मानवतो. मात्र पिंपे शंभर झाली की त्यांतले कुठले नासले, हे शंभर वेळा तपासावे लागते. हेही विसरून चालत नाही.

पॉप ओएसवाल्यांनी ती चूक लगेच दुरुस्त केली. पुढे ॲप्टमध्येही बदल झाला आणि नुसते वाक्य लिहून देऊन अत्यावश्यक पॅकेजे काढण्याची सोय बंद झाली. एका माणसाच्या फजितीतून सगळ्यांच्या घराला कडी बसली. सामायिक संसारात असेही होते.

आता पडद्यावर उमटणारा 'क्ष' पाहा. तो काढण्यामागे 'हार्फबझ' नावाची लायब्ररी असते. तिचे नाव फारसी आहे आणि जोडाक्षरांची जुळणी हे तिचे काम. ग्नोम, क्यूट, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस सगळे तिच्याच दारी येतात. अक्षराचा आकार येतो 'लोहित'सारख्या मुक्त टंकातून, आणि मेनूतली मराठी येते ती भाषांतर करणाऱ्या माणसांच्या कामातून. यांतले एक गाठोडे निसटले तर मराठी वाक्याच्या जागी चौकोन उरतात. स्वावलंबनाचे धडे आपण शाळेत पुष्कळ गिरवले. आपण कोणाकोणावर अवलंबून आहोत याची यादी मात्र आपण सहसा करीत नाही. या बाबतीत ती गाठोडी आपल्यापेक्षा प्रामाणिक म्हणायची. तेव्हा पुढच्या वेळी संगणक लांबलचक यादी समोर ठेवून 'होय की नाही' विचारील, तेव्हा चहाचा कप खाली ठेवावा, चष्मा लावावा आणि ती यादी वरून खालपर्यंत वाचावी.